चुकीच्या नावांचे मिस्त्री

नामदेव वायदंडे मिस्त्रींनी माझ्या देखत कधी एकाही जिवाला त्याच्या खऱ्या नावानं ओळखलं नव्हतं. खंड्या दिसला की ते म्हणत, "पोपट." मुंगूस आडवं गेलं की, "घोरपडीचं पिल्लू." एकदा चार भिंती स्मारकाच्या चढावर तारेवर बसलेल्या खाटीक पक्ष्याला त्यांनी चिमणी ठरवलं आणि वर हळहळले, "लय दिसांनी दिसली बिचारी. टॉवरनी पार संपवल्यात." माणूस चुकतो, मान्य. पण चुकायलाही काही धरबंध असावा की नाही?

आमचा साताऱ्यातला रविवारचा गट आहे. सात-आठ निवृत्त माणसं आणि दोन दुर्बिणी, त्यातल्या एकीतून एकाच डोळ्याला दिसतं. सकाळी अजिंक्यताऱ्यावर नाहीतर यवतेश्वरच्या घाटात जायचं, दिसेल तो पक्षी, किडा, जनावर ओळखायचं आणि वहीत नोंदायचं. वही माझ्याकडे. मी उभा जन्म जमीनमोजणीच्या खात्यात काढला. तिथं बांध हातभर सरकला तर सख्खे भाऊ कुऱ्हाडी काढतात, त्यामुळे मला चूक बघवत नाही. लग्नपत्रिका आली तरी मी आधी तिच्यातलं शुद्धलेखन तपासतो. बायकोच्या मते याला औषध नाही.

अशा माणसाच्या राशीला मिस्त्री आले. कराडकडं त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं, ते बंद करून दोघं नवराबायको साताऱ्यात राहायला आले होते. सगळी सृष्टी त्यांना इंजिनासारखी दिसे. शेणकिडा मागच्या पायांनी शेणाची गोळी ढकलत निघाला होता. मिस्त्री उकिडवे बसले आणि म्हणाले, "रिव्हर्स गिअरवर चाललंय बघा गडी. लोड बी काय घेतलाय! ह्याला मुंगळा म्हणत्यात."

मी तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला. "चूक. शेणकिडा."

या वायदंडे बाई. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. नेसूचं सुती पातळ चापूनचोपून, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. अख्खं गाव बाई म्हणायचं म्हणून मिस्त्रीही त्यांना बाईच म्हणत, आणि अहोजाहो करत. चालताना त्यांचा हात हातात धरत. त्यावरून गटातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. बाई एरवी अवाक्षर बोलत नसत. कुणी नमस्कार केला तरी नुसतं बघत. पण मिस्त्री चुकले की जागच्या जागी थांबत, कपाळाला आठी पडे आणि मास्तरकीचा खणखणीत आवाज येई, "चूक." मग खरं नाव. आणि मिस्त्री? बायकोनं चारचौघांत पाणउतारा केला की आपण मान खाली घालतो. हे गृहस्थ लॉटरी लागल्यासारखे फुलत. "आसं व्हय? बघा की! आमाला कुठलं कळायला!"

मी मनाशी निदान करून टाकलं. नवरा अडाणी, बायको खडूस आणि घमेंडखोर. माझी निदानं अशीच झटपट असतात.

आणि मग मी एक उद्योग सुरू केला. त्याची आठवण झाली की आजही मला स्वतःची लाज वाटते. मिस्त्रींची चूक बाईंच्या आधी मीच दुरुस्त करू लागलो. त्यांनी वेड्या राघूला भारद्वाज म्हणायचा अवकाश, की मी ताडकन, "वेडा राघू!" नाकतोड्याला त्यांनी झुरळ म्हटलं, की "नाकतोडा!" बाईंचं उघडलेलं तोंड तसंच मिटायचं. मला वाटायचं, हरली. मिस्त्री नुसते "हां, हां" म्हणायचे आणि पुढं चालू लागायचे.

मग आमची सहल सांगली जिल्ह्यात सागरेश्वरला गेली. हरणांचं ते अभयारण्य, त्यामुळे वहीची पानं भरणार म्हणून मी खुशीत होतो. कुंपणाच्या आत झाडाखाली दोन जनावरं उभी होती, मोठ्या कानांची, अंगावर ठिपका नाही. मिस्त्री म्हणाले, "बाई, बघा, नीलगाय." मी लगेच, "सांबर! माद्या आहेत, शिंगं नाहीत." पुढं एक घूस पळाली, तिला ते ससा म्हणाले. ती मीच दुरुस्त केली. घोरपड दिसली, ती मीच. सबंध सकाळ बाईंच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. फाटकापाशी येईपर्यंत मिस्त्रींचा चेहरा पार उतरला होता.

चहाच्या टपरीवर त्यांनी बाईंना बाकावर बसवलं, हातात बिस्कीट दिलं आणि मला बाजूला घेतलं.

"सायेब, एक इनंती हाय. रागावू नका."

"बोला की."

"माझं चुकू द्या."

मला काही उमगेना. ते खाली बघत म्हणाले, "मला सगळी नावं येत्यात, सायेब. बाईंनीच शिकीवल्यात. लगीन झाल्यापास्नं सुट्टीच्या दिशी पोरांची शाळा रानात भरवायच्या, मी डबं धरून मागं. चाळीस पोरं आन् एकेचाळिसावा मी. आता तीन वर्सं झाली, बाईंचं डोकं पुसत चाललंय. मिरजंच्या डाक्टरांनी सांगितलंय, ह्ये काय माघारी यायचं न्हाई. बोलत ऱ्हावा त्यांच्यासंगं, म्हणाले. पण बोलायचं काय? जेवला का म्हणलं तर बोलत न्हाईत. लेकीचं नाव इचारलं तर बोलत न्हाईत. चहात मीठ पडलं तरी गुमान पित्यात."

बाकावर बाई बिस्कीट हातात धरून तशाच बसल्या होत्या.

"एक दिस गच्चीवर कावळा बसलेला. माझं ध्यान न्हवतं, मी म्हणलं, कोकीळ आलाय बघा. तर आवं, चार म्हैन्यांनी आवाज निघाला बाईंचा! चूक म्हणाल्या. जन्मभर पोरांच्या चुका धरल्या न्हवं, त्येवढंच ऱ्हायलंय आत. म्हणून तर आणतो हितं. मी चुकलो की त्या बोलत्यात. तुमी आधी बोलला, की माझा तेवढा बी शब्द जातो."

माणसाला तोंडघशी पाडण्यात मी महिनोन् महिने मोठेपणा मानला होता, आणि बाईंच्या तोंडचा घास काढून घेत होतो. टपरीवाला चहा धरून उभा होता, तो मी कधी घेतला तेही कळलं नाही.

पुढच्या रविवारपासून आमचा गट बिघडला. मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मिस्त्री एकटे किती चुकणार, म्हणून आम्हीही चुकायला लागलो. गटातले रिटायर्ड हेडमास्तर घारीला कबुतर म्हणू लागले. डॉक्टरीणबाईंनी सरड्याला साप म्हणून स्वतःच किंचाळून घेतलं. चुकणंही सोपं नसतं. माझी जीभ तर वळतच नव्हती. पहिल्यांदा मी सातभाईंच्या थव्याकडे बोट करून "बदकं" म्हणालो, तेव्हा अंगाला घाम फुटला. बाई वळल्या आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "चूक. सातभाई. शाळेत लक्ष कुठं असतं तुझं?" साठी उलटल्यावर इतका आनंद मला कशानं झाला नव्हता. मिस्त्रींनी माझ्या पाठीत थाप मारली, "पूर्ण वाक्य बोलल्या, सायेब! पूर्ण वाक्य!"

यवतेश्वरच्या घाटात पुण्याकडचं एक कुटुंब भेटलं. हेडमास्तर माकडाला अस्वल म्हणत होते, ते त्यांनी ऐकलं. त्यांच्यातला बाप आपल्या पोरांना हळूच म्हणाला, "चला पुढं. हे लोक जरा हे दिसतात." आम्ही पोट धरधरून हसलो. वर्षभर साताऱ्यात आमच्याइतका अडाणी निसर्गप्रेमी गट दुसरा नसेल, आणि ते वर्ष फार सुखाचं गेलं.

पण आजार कुणाच्या खेळाला भीक घालत नाही. पावसाळ्यात बाईंचं खरं नाव सांगणं थांबलं, नुसतं "चूक" उरलं. मग तेही चारदा चुकल्यावर एकदा. आम्ही जास्त जास्त मोठ्या चुका करत गेलो. एकदा तर मी म्हशीला हत्ती म्हणालो. बाई माझ्या टोपीकडे बघत राहिल्या.

नवरात्राच्या सुमारास कासच्या वाटेवरच्या एका तळ्याकाठी थांबलो. ऊन चांगलं पडलं होतं. पाण्याकडेच्या गवताच्या पात्यावर काडीसारखा निळा किडा पंख मिटून बसला होता. मिस्त्रींनी बाईंना पुढं घेतलं आणि बोट दाखवलं.

"बाई, ह्यो बघा. चतुर."

आम्ही सगळे जिथल्या तिथं थांबलो. बाईंनी पात्याकडं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. कपाळ आक्रसल्यासारखं वाटलं, आणि माझ्या जिवात जीव आला.

"व्हय," बाई म्हणाल्या.

हा शब्द बाईंचा नव्हे. "व्हय नाही, होय म्हणा," असं बजावत त्यांनी या माणसाबरोबर उभा संसार केला होता.

मिस्त्रींनी बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि पोराला समजवावं तसं सावकाश म्हणाले, "नाही, बाई. चूक. पंख पसरून बसतो तो चतुर. मिटून बसते ती टाचणी. ही टाचणी आहे. म्हणा, टाचणी."

बाई त्यांच्या तोंडाकडे बघून नुसत्या हसल्या.

"बरं, ते ऱ्हाऊ द्या," मिस्त्री म्हणाले, आणि बाईंना घेऊन तळ्याच्या कडेनं हळूहळू चालू लागले. समोर येईल त्याचं नाव त्यांना सांगत चालले. "तो शेपटी हलवणारा, धोबी. ती टिटवी. तारेवरचा कोतवाल. आणि पाण्यावर चालतेय ना, ती पाणनिवळी."

मी वही उघडून मागून चालत होतो. मिस्त्री नावामागून नाव घेत होते आणि एकही चुकत नव्हतं. त्यांच्या तोंडून एक, फक्त एक चुकीचं नाव निघावं आणि बाईंनी गर्रकन वळावं, एवढंच मी देवाकडे मागत होतो.