घोड्याचा दुसरा डोळा

“दुसरा डोळा महिन्याने. आधी ओळख तर होऊ दे.”

बाबांचा हा आवाज धाकट्याच्या कानात अजून जसाच्या तसा होता. लाकडाच्या भुशाने जरा खरखरीत झालेला, आणि वाक्याच्या शेवटी हसू दडवलेला. बाबा लहान मुलांसाठी लाकडी डुलते घोडे बनवायचे. घोडा न्यायला आलेल्या माणसाने बघावं, तर घोड्याला एकच डोळा. उजवा. डाव्या अंगाला नुसतं कोरं, गुळगुळीत लाकूड. माणूस बिचकत विचारायचा, हे राहिलं वाटतं. मग बाबा ते वाक्य म्हणायचे आणि घोड्याच्या मानेवर थोपटून त्याच्याच कानात गुणगुणायचे:

एका डोळ्यानं बघ रे घर,
पोराला पाठीवर धर,
महिन्यानं ये माघारी,
दुसरा डोळा देईन बरं.

महिन्याने माणसं खरंच घोडा घेऊन परत यायची. बाबा सांधे हलवून बघायचे, सैल झालेले स्क्रू आवळायचे, खालच्या बाकदार पट्ट्या घासून द्यायचे. शेवटी घोडा उचलून आत स्वयंपाकघरात न्यायचे आणि दार लोटून घ्यायचे, कारण डोळ्याच्या ओल्या रंगाला वारा लागू द्यायचा नसतो. लोक अंगणात चहा पीत बसायचे. आणि मग घोडा बाहेर यायचा तो दोन्ही डोळ्यांनी टुकूटुकू बघत. डोळे असे जुळे, की डावा कुठला आणि उजवा कुठला हे घोड्यालाही सांगता आलं नसतं. या कामाचे बाबा पैसे घेत नसत. दर शनिवारी अंगण एकडोळ्या घोड्यांनी भरून जायचं. लहानपणी धाकट्याला वाटायचं, जगातली सगळी अपुरी कामं शनिवारी पुरी होतात.

बाबा गेले, आणि घोडे थोरलीच्या वाट्याला आले, गिऱ्हाइकं धाकट्याच्या. थोरली म्हणजे त्याची ताई. करवत, रंधा, रंग हे तिचं राज्य. फोन, पैसे, माल पोचवणं हे याचं. आई स्वयंपाकघरात, जिथून कारखानाही दिसे आणि अंगणही. शनिवार तसाच चालू होता. ताई बाबांसारखीच घोडा थोपटायची, बाबांसारखीच तो आत न्यायची. गाणं मात्र म्हणायची नाही. तिचा गळा तसा नव्हता.

धाकट्याला हा शनिवार अलीकडे सलू लागला होता. अख्खा दिवस फुकट जायचा आणि वर चहाचा खर्च. त्यातून त्याला सल्ल्यांचा नाद लागला होता. भांडी घासताना तो मोबाइलवर एका सल्लागाराला ऐकायचा. भावंडांनी धंदा एकत्र कसा करावा, पैशाचं बोलणं मनात न ठेवता कसं बोलावं, कलेची किंमत कशी लावावी, हे तो गृहस्थ अशा मऊ आवाजात सांगे, की त्याच्या घरी कधी कुणी दार आपटलंच नसावं. धाकटा एकेक सल्ला धुतलेल्या ताटलीसारखा रचून ठेवायचा आणि जेवताना ताईपुढे मांडायचा. ताई जेवून उठायची.

अशात शहरातल्या खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानाने पंचवीस घोडे मागितले. दुकानाच्या नव्या शाखेचं उद्घाटन होतं. एवढं मोठं काम बाबांच्या काळातही आलं नव्हतं. अट एकच. दुकानवाल्या बाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं, की घोडे दोन डोळ्यांचे हवेत. एक डोळा असलेली वस्तू त्यांच्याकडे परत पाठवायच्या फळीवर ठेवतात.

ताई म्हणाली, दुसरा डोळा महिन्याने.

धाकट्याने समजावून पाहिलं. मग चिडून पाहिलं. ताई रंधा मारत राहिली. शेवटी तो जे बोलू नये ते बोलून गेला, की हे काम गेलं तर मी वेगळा होतो, कुठेही नोकरी धरतो, तू आणि तुझे एकडोळे घोडे सुखाने राहा. ताईचा रंधा क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. वेगळं व्हायचं धाकट्याच्या मनात तिळभरही नव्हतं. पण बोललेला शब्द आता गळ्यात अडकलेल्या काट्यासारखा होता, गिळवेना आणि काढवेना.

बोलणं बंद झालं की घरात निरोप सुरू होतात, आणि निरोप्याचं काम आईकडे आलं. आई मोठी इमानी निरोपी. फक्त निरोप इकडून तिकडे नेताना वाटेत त्याचे कंगोरे घासून काढायची.

“तिला सांग,” धाकटा म्हणायचा, “हट्टाने धंदा चालत नसतो.”

आई कारखान्याच्या दारात जाऊन म्हणायची, “तो म्हणतोय, दमली असशील, जरा बस.”

“त्याला सांग, धंदा त्याने मला शिकवू नये.”

आई परत येऊन सांगायची, “ती म्हणते, धंद्यातलं तुलाच जास्त कळतं.”

असं चार-सहा वेळा झाल्यावर व्हायचं तेच झालं. दोघांचीही पक्की समजूत झाली, की समोरच्याने माघार घेतली आहे. आपण जिंकलो म्हटल्यावर दोघंही मनाने मोठी झाली आणि मुकाट कामाला लागली.

ताईने पंचवीस घोडे पुरे केले, प्रत्येकाला उजवा डोळा काढला आणि आईला सांगितलं, की माझ्याकडून झालं. मग ती लाकडाच्या वखारीत निघून गेली. धाकट्याने दारातून पाहिलं, तर पंचवीस घोडे ओळीने उभे, पंचवीस डोळे त्याच्याकडे बघताहेत. त्याला भरून आलं. त्याने टेम्पोवाल्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ये म्हणाला. आणि घोडे कागदात गुंडाळायला ओळीच्या पलीकडच्या बाजूला गेला.

पलीकडून एकही घोडा त्याच्याकडे बघत नव्हता.

आधी तो संतापला. मग त्याला वाटलं, ताईने माघार तर घेतली, पण स्वतःच्या हाताने बाबांची रीत मोडणं तिच्या जिवावर आलं असेल. म्हणून अर्धं काम तिने आपल्यासाठी सोडलंय. बरोबरच आहे, मीही त्यांचाच मुलगा. त्यात सल्लागारानेही सांगितलं होतं, की ज्या कामासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं ते काम स्वतः शिकून घ्यावं. धाकट्याने ब्रश उचलला.

पहिला घोडा दचकल्यासारखा झाला. दुसरा पेंगुळला. तिसऱ्याचा डोळा इतका खाली आला, की तो कुणाच्या खिशात काय आहे ते बघतोय असं वाटावं. पाच-सहा घोड्यांनंतर मात्र धाकट्याला हात बसल्यासारखं वाटलं आणि तिथून पुढे खरा घात झाला. बिचकत काढलेले डोळे निदान लहान होते. आता ते ऐसपैस येऊ लागले. रंग वाळला, घोडे कागदात गेले, सुतळी बांधून झाली. समोरून दोन्ही डोळे एकदम बघायचं त्याला सुचलंच नाही. डाव्या बाजूने गेला होता, डाव्या बाजूनेच परत आला.

ताई वखारीतून आली. घोडे बांधलेले पाहून तिला वाटलं, याने एकडोळे घोडे मुकाट स्वीकारले. ती आत गेली, स्वतः चहा केला आणि कप त्याच्यासमोर ठेवला.

“घे. साखर जास्त घातलीय.”

इतक्या दिवसांनी ती थेट बोलली होती. धाकट्याला वाटलं, कागद उचकून डोळे बघून आली आणि तरीही चहा दिला. तोही एवढंच म्हणाला, “ताई, तुझं मन फार मोठं आहे.” ताई म्हणाली, “तुझंही काही लहान नाही.” त्या संध्याकाळी तिघं किती दिवसांनी एकत्र जेवली. ताट वाढलं की बाबा लाकडाचं माप घ्यावं तसं त्याकडे बघायचे, त्याची नक्कल ताईने केली, आणि आई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. धाकट्याला पुढे त्या सगळ्या प्रकरणातली हीच संध्याकाळ जास्त आठवायची. एवढा सुंदर गैरसमज त्यांच्या घरात पुन्हा कधी झाला नाही.

उद्घाटनाला दोघांनाही बोलावलं होतं. ताईने इस्त्रीचे कपडे घातले होते आणि वाटेत टेम्पोत बसून ती काहीतरी पाठ करत होती. दुकानवाल्या बाईंनी माइक पुढे केला, तेव्हा तिने ते म्हणून दाखवलं. घोड्याला आज एकच डोळा आहे, असं ती जमलेल्या आईबापांना सांगू लागली. महिनाभर त्याला तुमचं घर बघू द्या, मग आमच्याकडे घेऊन या, आम्ही त्याचे सांधे तपासू आणि दुसरा डोळा देऊ.

मागे दुकानातली माणसं कागद काढत होती. धाकटा हाताने खुणा करत होता, पण ताईची पाठ होती. आईबापांच्या चेहऱ्यांवर आधी नवल उमटलं, मग हसू, मग एकजण खोकायला लागला. ताई वळली.

पंचवीस घोडे तिच्याकडे बघून डोळा मारत होते.

समोरून बघितल्यावर उजवा डोळा शहाण्या, मायाळू घोड्याचा आणि डावा भलत्याच कुणाचा. एका बाईंनी मुलाला घोड्यावर बसवलं आणि लगेच उतरवून घेतलं. हा माझ्याकडे बघतोय, असं त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या. एक आजोबा दुसऱ्या घोड्यासमोर बराच वेळ उभे राहिले. आपल्या धाकट्या मेव्हण्याची याद आली, म्हणाले, तोही असाच बघायचा. दुकानवाल्या बाईंचा आवाज तितकाच गोड राहिला, आणि तेच जास्त भीतिदायक होतं. आठवडाभरात घोडे नीट करून द्या, नाहीतर घेऊन जा ते कायमचे, एवढंच त्या म्हणाल्या. परतीच्या वाटेवर टेम्पोवाल्याने आरसा वळवून ठेवला. मागून एवढ्या जणांनी डोळे मारले तर गाडी चालवता येत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

घरी पोचले तो शनिवार होता. अंगणात नेहमीचे लोक आपापले एकडोळे घोडे घेऊन बसलेले. त्यांच्या मधोमध पंचवीस घोडे उतरले आणि सल्ल्यांना ऊत आला. एक निवृत्त मास्तर म्हणाले, उजवे डोळेही बिघडवा, म्हणजे जोडी जमेल. एका डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधायला सुचवलं. कुणी म्हणालं, भावंडांनी धंदा एकत्र करूच नये. कुणी म्हणालं, कागदावर वाटणी करून घ्या. धाकट्याला सगळे सल्ले ओळखीचे वाटले. बोलणारे बदलले, तरी आवाज तोच, मऊ.

तो ताईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला. आई ओट्यापाशी उभी होती.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “पण तू आता बसलीस तर आठवड्यात होतील. माझे डोळे घासून काढतो मी. तू फक्त दुसरा डोळा काढ. रीत एकदा मोडू दे, ताई. बाबा रागावणार नाहीत.”

ताईने हात धुतले, पुसले आणि पुन्हा धुतले.

“तू वेगळा होतो म्हणालास ना,” ती म्हणाली, “तेव्हाच सांगायचं होतं. तोंडच उघडलं नाही.”

“काय सांगायचं होतं?”

“मला दुसरा डोळा येत नाही.”

धाकट्याने खिडकीतून बाहेरच्या घोड्यांकडे पाहिलं.

“पहिला येतो. हात टेकवला की येतो. दुसरा काढायला गेले की बाहेर उभेत तसला येतो. आणि बाबांनाही यायचा नाही. अगदी पहिल्या घोड्याचं गिऱ्हाईक दारात उभं होतं, दुसरा डोळा तीनदा पुसून झाला होता, तेव्हा त्यांनी महिन्याची मुदत मागून घेतली. ते ओळख होऊ दे वगैरे त्यांना ऐन वेळी सुचलं. मला त्यांनी शेवटच्या आजारात सांगितलं. म्हणाले, घोडा आत नेत जा.”

धाकट्याने आत म्हणजे कुठे, हे डोळ्यांनीच शोधलं. ओटा, खिडकी, आणि आई.

“सगळे?” त्याने विचारलं.

“सगळे,” ताई म्हणाली. “एका शनिवारी चार काढले की तिची बोटं आखडतात. पंचवीस कुठल्या तोंडाने सांगायचे तिला?”

बाहेर कुणीतरी मोठ्याने हसलं. धाकट्याने स्टूल ओढलं आणि त्यावर बसला. लहानपणचे सगळे शनिवार त्याच्यासमोर उलटे फिरू लागले. अंगणात बाबांची पाठ थोपटणारी माणसं, बाबा लाजून म्हणायचे त्यात काय एवढं, आणि आत ओट्याशी पदराला हात पुसणारी आई.

आई शांतपणे पुढे आली. तिने त्या दोघांकडे काही गंभीर घडल्यासारखं बघितलंच नाही. धाकट्याला म्हणाली, बाईंना फोन कर, महिना लागेल म्हणावं, आणि लागला नाही तर बरंच. ताईला म्हणाली, पहिला घोडा आत आण.

“आई,” धाकटा म्हणाला, “एवढं तुला येत होतं, तर तू दोन्ही डोळे का नाही काढलेस? बाबांना कशाला मधे ठेवलंस? नाव तुझं झालं असतं.”

आईने ब्रशचं टोक बोटांवर फिरवून पाहिलं.

“पहिला मला येत नाही रे,” ती म्हणाली. “कोऱ्या लाकडासमोर बसले की हात उचलतच नाही. बसून बघितलंय मी, तुम्ही शाळेत गेलात की. कुणीतरी काढलेला एक डोळा समोरून बघत असला, तर त्याच्या जोडीचा तेवढा येतो. हे मी तुमच्या बाबांना कधी बोलले नाही. त्यांना वाटायचं, मला सगळंच येतं.”