कल्हईवाल्याची काळी नाणी

जब्बारभाऊंकडे नाणं पाहायला मागितलं, की आधी आपले हात दाखवावे लागतात. शाळेत नखं तपासायचे तसे ते दोन्ही तळवे उलटसुलट पाहतात, गमछ्याला पुसायला लावतात आणि एवढं करूनही नाणं हातात देत नाहीत. स्वतःच्याच चिमटीत कडेने धरून दाखवतात.

"नुसतं पाह्य. घासलं का मेलं ते. मैल नाई तो, वय हाये त्याचं."

यावर आमच्या सावली गावच्या बाजारातली माणसं हसतात. कारण जब्बारभाऊ पिढीजात कल्हईवाले. गावोगावची काळी भांडी आरशासारखी करण्यात त्यांचा जन्म गेला. ते भाता चालवायचे आणि त्यांची बायको, हमीदाभाबी, चिंच-राखेने भांडी घासून द्यायच्या. मग घरोघरी स्टील आलं आणि भाता बंद पडला. आजोबांच्या डब्यातली जुनी नाणी तेवढी राहिली. ती ते आता इंटरनेटवरच्या लिलावात विकतात.

म्हणजे ते विकतात आणि टाइप मी करतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. निकाल लागला तेव्हा माझा तो इंग्रजी कागद चष्मा लावून वरपासून खालपर्यंत पाहणारे गल्लीत ते एकटेच होते. इंग्रजी त्यांना येत नाही. त्या दिवसापासून ते मला नावाने हाक मारत नाहीत.

"बीए, लिही. खरं तेच लिही."

फोटोत नाण्याशेजारी मोजपट्टी ठेवतात, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी धानाचा दाणा ठेवला. "पट्टी कारखान्यात होते. दाण्यावर भरोसा ठेव." एका गिऱ्हाइकाने विचारलं, दाणाही सोबत मिळेल का? भाऊंनी दोन पाठवले.

बोली लावणाऱ्या प्रत्येकाला मला एक प्रश्न पाठवावा लागतो: 'आपण घासता का?' सुरतच्या एका गृहस्थाने उत्तरात नुसता हसरा चेहरा पाठवला. भाऊंनी विक्रीच रद्द करायला लावली. "हासून राह्यला. म्हंजे घासते तो."

हे सगळं गमतीचं वाटतं, पण अलीकडे त्यांच्या घरी जायला माझा पाय अडखळतो. भाबींचं विसरणं वाढलं आहे. आधी मीठ विसरायच्या, मग गल्ली विसरल्या. यंदा तर नवऱ्यालाच विसरल्या. भाऊ समोर बसलेले असताना त्या अदबीने पदर सावरून म्हणतात, "भाऊ, घरवाले गावाले गेले. आले का मंग या." भाऊ "बरं बाई" म्हणतात, उठून अंगणात जातात आणि थोड्या वेळाने पुन्हा आत येतात. पाहुण्यासारखे.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी नागपूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तेव्हा भाऊंनी डब्याच्या तळाचा रुपया काढला. चांद्याच्या टांकसाळीतला, भोसल्यांच्या काळचा, निळसर काळा पडलेला. बोली चढत गेली. पुण्याच्या एका संग्राहकाने मी स्वप्नातही न पाहिलेला आकडा लावला. लिलाव संपायला दोन दिवस होते.

त्या सकाळी मी गेलो तर भाबी चुलीशी बसल्या होत्या. समोर चिंच आणि राख. हातातला रुपया लखलखत होता. अक्षरं निम्मी झिजली होती.

भाऊ दारातच थिजले होते. मी हळूच म्हणालो, "भाऊ, फोटो जुनाच राहू द्या. दोनच दिवस आहेत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी पदवी मला जड झाली. "कल्हईवाल्यानं भांड्यातलं उघडं पितळ लपवलं तं खाणाऱ्याच्या पोटात जहर जाते, बीए. नवा फोटो टाक."

मी टाकला. दुपारपर्यंत सगळ्या बोली मागे घेतल्या गेल्या. पुण्याच्या संग्राहकाने तर 'अडाणी' असा एकच शब्द पाठवला. तो मी वाचून दाखवला नाही.

पण त्याआधी, फोटोसाठी भाऊ रुपया घ्यायला वाकले, तेव्हा भाबींनी मान वर केली. कपाळावरचा घाम मनगटाने पुसला.

"अजी, पाहा नं. झालं का बरोबर? का अजून एक हात मारू?"

कितीतरी महिन्यांनी नवऱ्याला 'अजी'. भाऊंनी रुपया उजेडाकडे धरला, गिऱ्हाइकाचं भांडं तपासावं तसा फिरवून पाहिला.

"बेस झालं, हमीदा. लय बेस."

दुपारपर्यंत त्या बोलत राहिल्या. कुठल्या गावाला किती हंडे होते, कुणाच्या परातीला भोक होतं. संध्याकाळी पुन्हा म्हणाल्या, "भाऊ, घरवाले आले का मंग या."

नागपूरला ते जाऊन आले. पैसे कुठून आणले, मी विचारलं नाही. तिथल्या डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, आशा दिली नाही.

आता दर शुक्रवारी नमाजानंतर भाऊ चिंचेची पुडी घेऊन माझ्याकडे येतात आणि लिलावातलं एक नाणं काढून टाकायला सांगतात. नाणं मागे घ्यायचं तर कारण द्यावं लागतं, त्यासाठी तिथे एक रिकामी चौकट असते. पहिल्या वेळी मी विचारलं, "भाऊ, यात काय लिहू?"

त्यांनी पडद्यावरच्या त्या चौकटीवर बोट ठेवलं.

"लिही, घरी काम निघालं."