भवानीला विकलेला ड्रॅगन

अंधेरीच्या मासळी बाजारात लताला आजवर कोणी गंडवलं नव्हतं. हे तिचंच म्हणणं, पण ते खोडून काढायची कोणाची छाती नव्हती. गिऱ्हाईक चार पावलं लांब असतानाच, ते सुरमई नेणार की नुसतं बोट लावून पुढे जाणार, हे ती ओळखायची!

म्हणूनच नितेशने रविवारी संध्याकाळी जरा घाबरत घाबरत विचारलं, "आये, उद्या एक दिवस माझा किल्ला सांभाळशील?" तेव्हा ती खदाखदा हसली.

"सव्वीस वर्षं बाजार सांभाळतेय रे! तुझ्या मोबाईलमधला किल्ला म्हणजे काय, बोटभर! दे इकडे."

आता हा किल्ला काय ते सांगायला हवं. 'नागगड' नावाचा एक मोठा गेम आहे. राक्षस, जादूगार, तलवारी, सगळं. त्याचे पाच भाग निघाले आणि पाचही महागडे. मग त्याच लोकांनी सोशल नेटवर्कवर त्याचा एक फुकटातला धाकटा भाऊ सोडला. वेसाव्यातला आपला नितेश, बोरिवलीची भाविका आणि आणखी दहा जण मिळून त्यात एक टोळी चालवत. कोणी कोणाला समोरासमोर पाहिलेलं नाही. सगळं बोलणं त्या गेममध्येच, आवाज रेकॉर्ड करून. भाविका टोळीची सरदार. तिचा नियम एकच: ज्याच्या चुकीने किल्ला पडेल, तो टोळीतून बाहेर. गेमचा हंगाम सोमवारी संध्याकाळी सहाला संपणार, आणि नेमका त्याच दिवशी नितेशच्या नव्या नोकरीचा पहिला दिवस. ऑफिसात फोन नेऊ देत नाहीत. घरीच ठेवायचा.

लता हसली खरी, पण तिने हे काम हसण्यावारी नेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी नितेशचा बाप गेला, तेव्हापासून पोराने दार लावून घेतलं होतं. जेवायला बोलावलं तर यायचा, खाली मान घालून चार घास गिळायचा, परत आत. सात महिने! मग एका दुपारी त्या बंद दाराआडून हसू ऐकू आलं. कोणीतरी फोनवर म्हणत होतं, "यार नितेश, तुझा ड्रॅगन झोपलाय वाटतं!" आणि नितेश हसत होता. लता हातात बोंबील घेऊन तशीच दाराबाहेर उभी राहून पदराने डोळे पुसत राहिली. त्या न पाहिलेल्या पोरांचे तिच्यावर फार उपकार होते. उद्या तिच्या हातून किल्ला पडला आणि नितेश त्यांच्यातून बाहेर गेला, तर? तो विचारसुद्धा तिला नको होता.

"दोनच कामं," नितेश सांगत होता. "दर तासाला ड्रॅगनला टोपलीभर मासे घाल. आपल्या किल्ल्यातल्या तळ्यात आहेत. पिल्लू असल्यापासून मी त्याला तीच सवय लावलीय, दुसरं काही तोंडात घेत नाही. आणि भूक लागली की समोर असेल ते पेटवतो."

"अगदी माझ्या नितेशवर गेलाय!"

"आये, नीट ऐक. दाराशी कोणी आलं, काहीही मागितलं, की लाल बटण. लाल म्हणजे नाही. बस्स!"

सोमवार उजाडला. सोमवारी अर्धी अंधेरी मासे खात नाही. लता पापलेट मांडून बसली, त्यांच्यावर बर्फ घातला, माशा हाकलल्या, ड्रॅगनला दोनदा जेवू घातलं. साडेदहा वाजले तरी भवानी, म्हणजे पहिली विक्री, नाही! शेजारी सत्तरीची सखुबाई बसायची, ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आज कोणाचं तोंड बघून आलो गं?"

तेवढ्यात फोन वाजला. किल्ल्याच्या दारात शिंगांचं शिरस्त्राण घातलेला एक दांडगा उभा. काळा झेंडा, नाव 'कर्दनकाळ'. आतून आवाज मात्र कोवळा आला: "काय रे नितेश, ड्रॅगन विकतोस का? दहा मोहरा देतो!" आणि मागे चार जणांचं खिदळणं.

लताचा अंगठा लाल बटणाकडे गेला, आणि हवेतच थांबला.

"लते!" सखुबाई ओरडली. "काय करतेस? भवानी आहे ती!"

आता तुम्ही म्हणाल, फोनमधलं गिऱ्हाईक ते काय गिऱ्हाईक? पण दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत पाठवलं, तर दिवसभर पाटीवर माशाच बसतात, हे लताच्या आईने सांगितलं होतं, सासूने सांगितलं होतं. आणि ह्या माणसाने तर सरळ भाव विचारला होता! लताचं तोंड आपोआप उघडलं.

"दहा? दहात त्याचं शेपूटही येणार नाही!"

"क... कोण बोलतंय?"

"नितेशची आये. घ्यायचाय का नाही ते बोल. ताजा आहे, आत्ताच जेवलाय. हजार."

"मावशी... पन्नास?"

"घरी जा!"

असं करत करत सौदा दीडशेवर ठरला. लताने वर दोन टोपल्या मासेही घातले, कारण भवानीच्या गिऱ्हाइकाला थोडं वर द्यायचं असतं. मग फोन कपाळाला लावला आणि हिरवं बटण दाबलं. ड्रॅगन भरारी मारून दिसेनासा झाला.

आणि काय सांगू! लगेच बाजारात गिऱ्हाइकांची झुंबड. सोमवार असून! लता तासभर कोयता चालवत होती. "बघ," सखुबाई म्हणाली, "भवानी लागली." दोघी खूश.

मग लताने फोन बघितला. त्रेसष्ट निरोप! पहिलाच भाविकाचा.

"नितेश! ड्रॅगन कुठाय? दार उघडं पडलंय आपलं! काय झोपलायस काय?"

लताने माईक दाबला. "बाय, मी त्याची आये. ड्रॅगन विकला."

"विकला? कोणाला?"

"तो शिंगवाला."

"मावशी! तो अनिरुद्ध! मुलुंडवाल्यांचा सरदार! आपला दुश्मन नंबर एक! वाट लागली! सहा वाजायच्या आत ते त्याच ड्रॅगनवर बसून येणार. आणि नियम म्हणजे नियम, किल्ला पडला तर नितेशला मला काढावंच लागेल."

हातातला बांगडा लताने गिऱ्हाइकाऐवजी सखुबाईच्या मांडीवर ठेवला. सव्वीस वर्षांत गंडवलं नाही कोणी, आणि आज मुलुंडच्या पोराने लेकाची दोस्तीच उचलून नेली! तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

इतक्यात परत दारात शिंगं. पण ह्या वेळी ती खाली झुकलेली.

"मावशी, वर दिलेले मासे संपले! हा दुसरं काही खात नाही. मटण दिलं, फळं दिली, थुंकला! आमचं कोठार जाळलं त्याने! परत घ्या ना!"

"विकलेला माल परत घेत नाही," लता सवयीने बोलून गेली.

"मग मासे तरी द्या! आमचा किल्ला डोंगरावर, तळंच नाही. आता माझा वाडा पेटवेल हा!"

भाविका दुसरीकडून किंचाळत होती, "देऊ नका! जळू दे! मावशी, मासे दिलेत तर त्याला ताकद येईल, मग तो आपल्यावरच सोडणार!"

लताने कोयता खाली ठेवला. एकीकडे नितेश. दुसरीकडे हा दांडगा, ज्याचा आवाज आता अगदी रडवेला झाला होता. भवानीचं गिऱ्हाईक, आणि तिच्याकडूनच घेतलेल्या मालाने त्याचं घर जळणार?

"बाय, तुझं बरोबर आहे," ती भाविकाला म्हणाली, "पण माझ्या दारातून गिऱ्हाईक तळतळत गेलं नाही कधी. काय व्हायचं ते होऊ दे." आणि टोपली दिली.

भाविकाचा पुढचा निरोप नुसता उसासा होता.

तासाभराने अनिरुद्ध परत आला. "मावशी, एक टोपली पुरत नाही हो!"

"वाढतं पोर आहे ते. दोन ने. आणि एकाने भरवू नको, चौघं लागा, नाहीतर उधळतो."

तीन वाजता तो चार टोपल्या घेऊन गेला. चार वाजता त्याचे आठ सैनिक आले. तोवर तळ्यात मासे कमी झाले, तर लता म्हणाली, "मला काय विचारता? जाळी आहे तिथे, उतरा पाण्यात!" मग काय, तलवारी काठावर ठेवून मुलुंडची फौज कंबरभर पाण्यात! लता बाजारातून ओरडून शिकवतेय: "ओढू नको रे जोरात! फाटेल! तू हिरव्या टोपीवाल्या, डावीकडून घे!" येणारी-जाणारी गिऱ्हाइकं थांबून फोनमध्ये वाकून बघायला लागली. ह्या गडबडीत सहा कधी वाजले कोणालाच कळलं नाही.

तुतारी वाजली. हंगाम संपला. किल्ला उभा! शत्रूचं अख्खं सैन्य आपल्याच तळ्यात, हातात तलवार कोणाच्याच नाही!

नितेश रिक्षातून उडी मारून धावत आला. "आये! काय झालं?" त्याने फोन हिसकला, दिवसभराचे निरोप ऐकले आणि उपड्या पाटीवर मटकन बसला. तेवढ्यात भाविकाचा आवाज आला, "नितेश, आजपासून गेटवर तू नाहीस."

लताने डोळेच मिटले.

"गेट मावशींकडे! काय डाव टाकला यार! अख्ख्या फौजेला गिऱ्हाईक करून ठेवलं! झकास! तू आता तळ्यावर बसायचं."

डाव कसला नि काय! लता तोंड उघडणार होती, पण सखुबाईने तिला कोपराने ढोसलं.

पुढच्या रविवारी सकाळी टोळीतले सगळे लताच्या पाटीपाशी आले, सोबत अनिरुद्धही. भाविका नाकाला रुमाल लावून, कारण शुद्ध शाकाहारी. अनिरुद्ध तर चष्मा लावलेला, काडीसारखा! एकमेकांना पहिल्यांदाच बघत होते, तरी बघता बघता नितेशच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. लताने हात धुतले, पदराला पुसले.

"माझा पोरगा सात महिने बोलत नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही त्याला बोलतं केलंत. तुमचे उपकार मी विसरायची नाही. काय हवं ते मागा."

नितेश बर्फाकडे बघत राहिला. मग अनिरुद्धने चष्मा सावरला.

"मावशी, आज भवानी झाली?"

"नाही रे अजून. का?"

"मग ते दोन मोठे पापलेट. दहा रुपये."

सखुबाई पदर तोंडात घालून हसायला लागली. "मेल्या!" लता ओरडली, पण काय करणार? घासाघीस करून जेमतेम ऐंशीपर्यंत आणलं, आणि ते ऐंशी कपाळाला लावून पापलेट दिले. वर एक बांगडाही!

त्याच्या पुढच्या रविवारी सात वाजायच्या आतच बारा जण रांगेत उभे. प्रत्येकाला भवानी करायची होती, आणि सगळ्यात पुढे, नाकाला रुमाल लावून, भाविका!

तेव्हापासून लता शहाणी झाली. रविवारी पाटीवरचं फडकं काढायच्या आधी ती पहिला बांगडा सखुबाईला विकते आणि भवानी उरकून टाकते. सखुबाई तो दोन रुपयांना मागते.