अंगठ्याची संमती

त्र्यंबक हर्डीकर असोसिएशनच्या सभेला गेला तो केवळ बायकोने, रेवाने, ढकलला म्हणून. अंबत्तूरच्या त्या चार मजली इमारतीत त्याला तीन वर्षं झाली होती, पण गेला दीड महिना तो जिना उतरत होता तो फक्त दवाखान्यात जाण्यापुरता.

कारण डावा कान. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी नस असते तिला सूज आली, आणि एका सकाळी दात घासताना अख्खी बाथरूम त्याच्याभोवती फिरू लागली. चार-पाच दिवसांनी फिरणं थांबलं, तरी मान वळवली की जमीन होडीसारखी डुलायची. मागून कुणी हाक मारली तर त्र्यंबक कपाट सरकवल्यासारखा सबंधच्या सबंध वळायचा. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात तो ब्रेकचे सुटे भाग तपासायचा. आणखी दोन महिन्यांत सरकत्या पट्ट्यापुढे उभं राहता आलं नाही तर टेबलावर कागद तपासायला बसवू, असं तिथून कळलं होतं. एकोणीस वर्षं हातात लोखंड खेळवलेल्या माणसाला ही शिक्षाच होती.

फिजिओथेरपिस्ट रंजनीने त्याला व्यायाम दिले. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर नखावर खिळवायची आणि मान हलवायची. आधी वर-खाली, मग डावी-उजवी. दिवसातून पाच वेळा. थोडं गरगरेल, पण त्यातूनच मेंदू नव्याने तोल शिकतो, असं तिने समजावलं. आणि भरपूर हिंडाफिरा, असंही बजावलं. त्र्यंबकने व्यायाम मनावर घेतले, हिंडणं मात्र सोयीने विसरला.

सभा खाली पार्किंगमध्ये होती. अध्यक्ष चंद्रमौळी तमिळमध्ये बोलत होते. त्र्यंबकचं तमिळ भाजी आणि रिक्षा यांच्या पुढे गेलेलं नव्हतं. अर्धा तास तो कान देऊन बसला, मग त्याला आठवलं की आजचा चौथा व्यायाम राहिलाय. शेवटची रांग, कुणाचं लक्ष नाही. त्याने अंगठा वर केला आणि मान जोरजोरात वर-खाली हलवायला सुरुवात केली.

नेमकं तेव्हाच चंद्रमौळी विचारत होते, की सेक्रेटरी व्हायला कोण तयार आहे. अकरा महिने ही जागा रिकामी होती. टाळ्या पडल्या. त्र्यंबकची मान तेवढ्यात डावी-उजवी हलू लागली होती. सगळ्यांनी तो विनय समजला. आपल्याकडे बघून टाळ्या वाजताहेत हे लक्षात येताच तो घाईने उठला, जमीन डुलली, आणि पुढच्या खुर्चीची पाठ धरून तो कमरेत वाकला. नव्या सेक्रेटरीचा नम्र नमस्कार सर्वांना फार आवडला. त्याच्या हातात चाव्यांचा जुडगा आला.

शेजारच्या फ्लॅटमधल्या विद्यालक्ष्मीबाई जवळच बसल्या होत्या. तंजावरच्या मराठी घरातल्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्याने त्यांना घाबरत विचारलं, "काय ठरलं हो?"

"तुम्ही सेक्रेटरी झालांत," त्या म्हणाल्या.

घरी रेवाला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी नकार द्यायला तो गेला, तर चंद्रमौळी पहाटेच्या विमानाने मुलीकडे गेले होते, दीड महिन्यासाठी.

तिसऱ्या दिवशी पाण्याची मोटर बंद पडली. वॉचमन सुब्बा टाकीवर, त्र्यंबक गच्चीवर. वर बघून विचारायचं, खाली बघून व्हॉल्व्ह फिरवायचा. पहिल्या दिवशी तो दोनदा भिंत धरून बसला. मग टँकर मागे घेताना डावीकडे बघा, उजवीकडे बघा. मग तिसऱ्या मजल्यावरच्या जयतीर्थांच्या एसीचं पाणी खाली राहणाऱ्या वाणी नावाच्या बाईच्या वाळवणावर पडलं. दोघांच्या मधे उभा राहून त्र्यंबकने तास-दीड तास एकदा याचं, एकदा तिचं ऐकलं. भांडण मिटल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की इतका वेळ जमीन जागची हलली नव्हती.

पाच आठवड्यांनी रंजनीने त्याला मऊ गादीवर डोळे मिटून उभं केलं, पावलापुढे पाऊल ठेवत, मान वळवत चालवलं. मग तिने विचारलं की हा नवा व्यायाम त्याला कुणी दिला. त्याने सगळं सांगितलं. ती हसत हसतच फिटनेसच्या कागदावर सही करायला बसली.

कामावर जायच्या आदल्या संध्याकाळी तो विद्यालक्ष्मीबाईंकडे पेढे घेऊन गेला आणि प्रथमच खरं काय ते कबूल केलं, की तो अंगठा संमतीचा नव्हताच.

"मला ठाऊक होतं," त्या पेढा मोडत म्हणाल्या. "मलाही दोन वर्षांमागें हेंच झालं होतं. मीही हाच अंगठा धरून बसत होतें. दार लावून बसलें तंवर कांहीं बरं झालं नाही."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बोललें की. चंद्रमौळींना लांबचं दिसत नाही. शेवटच्या रांगेंतला तुमचा अंगठा त्यांना मींच दाखवला."

यावर रागवावं की पाया पडावं हे त्र्यंबकला सुचेना. तेवढ्यात वरून जयतीर्थांनी हाक मारली, लिफ्ट अडकली होती. त्याने मान वर करून ओ दिली आणि दोन-दोन पायऱ्या टाकत जिना चढू लागला.