गजभिये सरांच्या उठाबशा

आमच्या शेजारचे गजभिये सर जेवण झालं की हात धुण्याआधी वीस उठाबशा काढतात. घरी काढतात, हॉटेलात काढतात, आणि माझ्या पुतणीच्या लग्नात गुलाबजाम संपवून त्यांनी त्या भर मांडवात काढल्या. वरपक्षाला वाटलं, मुलीकडच्यांचं काहीतरी चुकलं आणि हे बुजुर्ग त्याची शिक्षा भोगताहेत. व्याही धावत आले, "अरे भैया, कोई बात नहीं, उठिए!" सर खाली बसता बसता म्हणाले, "अजून सात रायल्या."

सर एका शाळेत पीटी शिकवायचे. निवृत्तीनंतर पोट सुटलं, साखर वाढली. समता कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंकडे मीच त्यांना स्कूटरवर नेलं. बाईंनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून समजावलं. इन्सुलिन नावाचं संप्रेरक स्नायूंच्या पेशींवरच्या रिसेप्टरला चिकटतं, मग पेशी रक्तातली साखर आत घेते. चरबी फार वाढली की इन्सुलिन येतं, चिकटतंही, पण पुढचा निरोप आत नीट पोचत नाही. साखर रक्तातच फिरत राहते. स्नायू हलवले, तर मात्र ते इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात.

तेव्हापासून सरांना दुसरा विषय उरला नाही. भाजीवालीला ते सांगतात, "तुह्ये रिसेप्टर एकदम फर्स्टक्लास. दिवसभर टोपलं उचलून राहिली ना!" ती "हव सर" म्हणते आणि दोन मिरच्या जास्त टाकते. मी दुसरी जिलेबी उचलली की म्हणतात, "घे, घे. पण मंग उठ." खाऊ नको, असं मात्र ते कुणालाच म्हणत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी ते म्हणाले, "अभनपूरले सोडतं का मले?" अभनपूर म्हणजे आमच्या शहरापासून तासाभरावरचं गाव. काम काय, ते सांगितलं नाही.

तिथल्या बाजारात बियाण्यांचं दुकान होतं. गल्ल्यावर चाळिशीचा, चांगलाच लठ्ठ माणूस. सरांना पाहून तो कष्टानं उठला आणि पाया पडला. सरांचा जुना विद्यार्थी, मनोज.

सर बसले नाहीत. "मनोज, मी तुले मैदानाचे चक्कर माराले लावत होतो. तू अर्ध्यातच बसून जायचा. सगळ्या पोट्ट्यांसमोर मी तुले आळशी म्हणलं. रोज म्हणलं."

मनोज बियाण्यांची पाकिटं सारखी करू लागला.

"अंगात साखर असूनही स्नायूले भेटत नाही, माणूस थकून जाते, असं डॉक्टरीणबाई म्हणते. तू खरंच थकत असशील. मले समजलं नाही. माझं चुकलं."

"सर," मनोज म्हणाला, "पच्चीस साल हो गए."

"हव. लय उशीर झाला."

मनोजनं आत हाक मारली. दहा-अकरा वर्षांची, बापासारखीच अंगानं भरलेली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. "खेल के पीरियड में रोज पेट दुखता है इसका," मनोज म्हणाला. "अभी जो मुझे बोले न सर, वो इसको बोल दीजिए."

सरांचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचा असं म्हणतात. ते एका पोत्यावर बसले आणि इतक्या हळू बोलले की मला नीट ऐकू आलं नाही. मुलीनं सगळं ऐकून घेतलं.

"मतलब मैं आलसी नहीं हूँ?"

"नाही बेटा," सर म्हणाले. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिले.

सर एकटे राहतात. मुलंबाळं नाहीत. त्यानंतर दर रविवारी ते सकाळच्या बसनं अभनपूरला जातात. परवा मी म्हटलं, "स्कूटरवर सोडून देतो."

"नको," सर म्हणाले. "ते पोट्टी स्टँडवर घ्याले येते."