गठ्ठ्याचं रिकामं वाडगं

गठ्ठ्याला कडेवर घेऊन निरीक्षकसाहेब दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचले आणि त्यांच्या कमरेतून 'कट्' असा आवाज आला. आवाज इतका खणखणीत होता की गठ्ठ्यानेही कान टवकारले. साहेब होते तिथेच पायरीवर बसले, गठ्ठ्या त्यांच्या मांडीवर बसला आणि आता आपल्याला वर कोण नेणार याची दोघंही वाट बघत राहिले.

साहेब वजनमापे निरीक्षक होते. सव्वीस वर्षं दुकानोदुकानी काटे तपासून त्यांची नजर अशी तयार झाली होती की टोपलीतला कांदा बघून ते त्याचं वजन सांगत. आठ वर्षांपूर्वी कचेरीत जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांमागे त्यांना एक पिल्लू सापडलं, म्हणून त्याचं नाव गठ्ठ्या. तेव्हा ते नऊशे ग्रॅम होतं. आता चौतीस किलो. खाली फिरायला जाताना गठ्ठ्या जिना उतरायचा, पण परतताना पहिल्याच पायरीवर बसकण मारायचा. मग साहेब त्याला उचलून तीन मजले चढायचे. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि गठ्ठ्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

"बास झालं," साहेबांची कंबर शेकता शेकता बायको म्हणाली. बाई घरातच शिवणाचा क्लास चालवत आणि एकदा मापं घेतली की कापायला वेळ लावत नसत. "डॉक्टरांनी तुम्हाला वजन उचलायला बंदी केलीय. मी काही त्याला उचलू शकत नाही. माझ्या दादाचं बैठं घर आहे, पुढे अंगण आहे. तिथे सुखात राहील बिचारा."

"बिचारा? अगं, त्याला तिथे करमेल का?"

"त्याला करमेल. तुम्हाला करमणार नाही."

हे इतकं खरं होतं की साहेबांनी कूस बदलायचं निमित्त करून तोंड भिंतीकडे फिरवलं. शेवटी तडजोड झाली. दोन आठवडे थांबायचं. तोवर गठ्ठ्या स्वतःच्या पायांनी जिना चढला तर ठीक, नाहीतर पंधराव्या दिवशी, रविवारी, दादा गाडी घेऊन येणार.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी गठ्ठ्याच्या बरगड्या चाचपून पाहिल्या. म्हणजे शोधून पाहिल्या. "ही कोरड्या दाण्यांची करामत आहे," त्या म्हणाल्या. "कच्च्या मांसावर आणू या. पण मोठा कुत्रा आहे, एकदम बदलायचं नाही. रोज जुनं थोडं कमी, नवं थोडं जास्त. दहा दिवसांत पूर्ण बदल."

हे ऐकून साहेबांच्या अंगात वारं संचारलं. त्यांनी त्याच संध्याकाळी तक्ता आखला: पहिला दिवस, दाणे नव्वद टक्के, कच्चं दहा टक्के, दुसरा दिवस, ऐंशी आणि वीस. शेवटचा रकाना 'खाल्ले / उरले'. स्वयंपाकघरातला काटा त्यांनी कचेरीत नेऊन तपासून आणला. बाजारातल्या मटणवाल्याला त्यांनी बजावलं, "तुकडे सारखे हवेत. साठ ग्रॅमचा एक."

"साहेब, कुत्रा तुकडे मोजून खातो?"

"तो नाही. मी मोजतो."

मंगळवारी, तक्त्याच्या पहिल्या दिवशी, गठ्ठ्याने वाडग्यातले दाणे चाटूनपुसून खाल्ले आणि मांसाचा तुकडा उचलून फरशीवर ठेवला. साहेबांनी तो काट्यावर टाकला. बरोबर साठ ग्रॅम. ओरखडासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी दोन तुकडे फरशीवर शेजारी शेजारी. तिसऱ्या दिवशी तीन.

"अहो, त्याला नाही आवडत," बाई म्हणाल्या.

"आवडीचा प्रश्नच नाही. तक्त्याचा प्रश्न आहे." आणि साहेबांनी गठ्ठ्यासमोर बोट नाचवलं. "हे बघ, वाडगं रिकामं झाल्याशिवाय लाड नाहीत. पोट खाजवणं बंद. कळलं?"

गठ्ठ्याला कळलं. चौथ्या दिवशी साहेब कचेरीतून आले तर वाडगं लख्ख. पाचव्या दिवशीही लख्ख. साहेबांनी गठ्ठ्याचं पोट इतकं खाजवलं की त्याचा मागचा पाय हवेत सायकल चालवू लागला. तक्त्यावर 'खाल्ले' असं लिहिताना साहेबांचं अक्षरसुद्धा टपोरं येऊ लागलं. कचेरीत त्यांनी तिघांना कच्च्या आहाराचे फायदे ऐकवले. त्यातल्या एकाकडे तर कुत्राही नव्हता.

सातव्या दिवशी साहेबांची बाजारात तपासणी होती. त्यांच्याकडे प्रमाणित वजनांची एक पेटी होती. आत लाल मखमल, प्रत्येक पितळी वजनाला स्वतःचा खड्डा. त्यातलं दोन किलोचं वजन फेरतपासणीसाठी प्रयोगशाळेत गेलं होतं, त्यामुळे तो खड्डा रिकामा होता. सकाळी वजनं पुसून साहेब दाढी करायला गेले, तेव्हा पेटी उघडीच होती. येऊन त्यांनी घड्याळ बघितलं, झाकण लावलं आणि निघाले.

रांगेतलं चौथं दुकान मटणवाल्याचं. समोर दहा-बारा गिऱ्हाईकं उभी. साहेबांनी पांढरे हातमोजे चढवले, पेटी ओट्यावर ठेवली आणि सगळ्यांना दिसेल अशा बेताने झाकण उघडलं.

दोन किलोच्या खड्ड्यात, मखमलीवर, मांसाचा एक तुकडा ऐटीत बसला होता.

पहिल्या गिऱ्हाइकाने विचारलं, "आता मटण मटणानेच तोलायचं का?"

"नवीन नियम असेल," दुसरा म्हणाला.

मटणवाला पुढे वाकला. त्याने तुकडा निरखून पाहिला आणि आवाज खाली आणला. पण सुरी चालवणाऱ्या माणसाचा खालचा आवाज तो, चार दुकानं सहज ऐकू गेला. "साहेब, हा तर माझाच माल. काल तुम्ही नेलेला. असा सरळ काप इथे दुसरा कोणी देत नाही."

साहेबांची कानशिलं तापली. तरी हात सवयीने पुढे गेला. त्यांनी तुकडा मटणवाल्याच्या काट्यावर ठेवला. साठ ग्रॅम. "काटा बरोबर आहे," त्यांनी जाहीर केलं, शिक्का मारला, तुकडा रुमालात बांधला आणि पेटी उचलून बाहेर पडले.

रस्ताभर त्यांच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. हा तुकडा इथे, तर बाकीचे कुठे? सव्वीस वर्षांत भल्याभल्यांना त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकता आली नव्हती, आणि घरच्या कुत्र्याने चार दिवस त्यांना बनवलं होतं. ते सुद्धा शाबासकी घेऊन.

घरी झडती झाली. एक तुकडा दोऱ्यांच्या डब्यात निघाला. एक कुणाच्या तरी नव्या कोटाच्या बाहीत. तो बघून बाईंनी जी किंकाळी फोडली, ती ऐकून गठ्ठ्या पलंगाखाली गेला. पण बाकीच्यांचा पत्ता लागेना.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी रजा टाकली. कारण लिहिलं: 'घरगुती तपासणी'. नऊ वाजता बाईंनी गठ्ठ्यासमोर दाण्यांबरोबर आठ तुकडे ठेवले. बाहेरच्या खोलीत क्लास सुरू झाला, आठ मशिनं घरघरू लागली आणि मुलींच्या येण्याजाण्यासाठी दार उघडं राहिलं. साहेब कपड्यांच्या कपाटाआड दबा धरून उभे.

गठ्ठ्याने आधी दाणे खाल्ले. मग इकडेतिकडे बघितलं. एक तुकडा तोंडात धरला, मशिनांच्या रांगेतून शांतपणे चालत गेला आणि दाराबाहेर पडला. साहेब दबक्या पावलांनी मागे. गठ्ठ्या पहिला जिना उतरला, दुसरा उतरला, तिसरा उतरला, मागच्या बागेत जाऊन एका झुडपाखाली त्याने खड्डा केला, तुकडा पुरला, नाकाने माती सारखी केली. झुडपापलीकडे बागेतलं मांजर जिभल्या चाटत बसलं होतं. कच्चा आहार त्याला चांगलाच मानवलेला दिसत होता.

आणि मग गठ्ठ्या वळला, जिन्यापाशी आला आणि चढू लागला.

साहेब कठड्याला धरून उभे राहिले. पहिला मजला. दुसरा. बसकण नाही, कुरकुर नाही. वर अजून सात तुकडे होते आणि ते कोणाच्या नजरेला पडायच्या आत हलवायला हवे होते. गठ्ठ्या साहेबांच्या पायाजवळून निघून गेला. त्याला ओळख दाखवायलाही सवड नव्हती. त्या दिवशी तो आठ वेळा खाली उतरला आणि आठ वेळा वर आला. साहेबांनी प्रत्येक खेप मोजली. आठवी मोजताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांना त्याची मुळीच लाज वाटली नाही.

"बाई, तो रोजच जातो की," क्लासमधली एक मुलगी मशिनीवरून मान वर करून म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुम्हीच पाठवता."

डॉक्टरीणबाई फोनवर आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, "वजन किती?"

"सव्वा किलो उतरलं."

"मग माझं ऐका. दाणे आधीच्या अर्धेच ठेवा, ते खाईल तो. मांसाचं तुमचं तुम्ही बघा."

पंधराव्या दिवशी, रविवारी, दादा वेळेच्या तासभर आधीच हजर झाला. गाडीत गठ्ठ्यासाठी नवी गादी, नवा पट्टा, नवं वाडगं. त्या क्षणी साहेब गठ्ठ्याला फिरवून खाली दारापाशी पोचत होते. मेहुण्याला बघून गठ्ठ्याने शेपूट हलवली आणि पहिल्या पायरीवर नेहमीसारखी बसकण मारली.

"बघा!" दादा म्हणाला. "भावोजी, कशाला जिवाला त्रास करून घेता? माझ्याकडे एक पायरी नाही. ऊठ रे राजा, चल गाडीत."

"थांब," साहेब म्हणाले. "तो चढतो."

"चढताना दिसत नाहीये."

"त्याला काम नाहीये म्हणून." साहेबांनी मान वर करून हाक मारली, "अगं! वाडगं भर!"

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बाईंचा आवाज आला, "अहो, तुकडे अजून बर्फात आहेत! दगड झालेत नुसते!"

"तसेच टाक!"

वर वाडग्यात काहीतरी खणखणलं. एक, दोन, तीन. गठ्ठ्याचे कान उभे राहिले. आठवा आवाज यायच्या आत तो उठला होता. "चला," साहेब मेहुण्याला म्हणाले, आणि दोघं त्याच्या मागे चढू लागले.

पहिल्या मजल्यावर गठ्ठ्या दिसेनासा झाला. दुसऱ्याच्या वळणावर तो त्यांना उलटा भेटला, तोंडात गोठलेला तुकडा घेऊन खाली निघालेला. दादा पायरीवर टेकला. त्याला धाप लागली होती. तो पुन्हा उठेपर्यंत गठ्ठ्या वर जाऊन दुसरा तुकडा घेऊन खाली गेला होता. तिसऱ्या खेपेला त्याने दादाच्या मांडीवरूनच उडी मारली.

"भावोजी," दादा छातीवर हात ठेवून म्हणाला, "हे सगळं कच्चं खाऊन?"

खोटं सांगणं साहेबांच्या रक्तात नव्हतं. "खाऊन नाही," ते म्हणाले. "न खाऊन."

दादाला त्यातलं काही कळलं नाही, पण तो समजूतदार माणूस होता. त्याने साहेबांच्या चेहऱ्याकडे बघितलं, जिन्यावरून पाचव्यांदा धावत येणाऱ्या गठ्ठ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "गादी तेवढी वर आणून देतो. पट्टापण. पण मला आधी थोडं बसू द्या. आणि बहिणीला म्हणावं, पाणी इथेच पाठव."

बाई स्वतःच पाण्याचा तांब्या घेऊन उतरल्या. भावाला पाणी दिलं, नवऱ्याच्या शेजारी बसल्या आणि गठ्ठ्या जवळून गेला तेव्हा त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "जा, जा. दोन राहिलेत अजून."

सोमवारी संध्याकाळी साहेब मटणवाल्याकडे गेले. मटणवाल्याने त्यांना बघताच सुरी पुसली. "काय साहेब, खायला लागला का?"

"छे! तोंडसुद्धा लावत नाही."

"अरेरे. मग आजपासून बंद?"

"बंद कशाला?" साहेब ओट्यावर वाकले. "वजन तेवढंच ठेवा. तुकडे मात्र आठाचे बारा करा."