हेझलनट हस्तकला आणि गुणी बाळाचं बक्षीस

“जे तिच्या मुठीत मावतं, ते तिच्या घशात जातं,” असं सासूबाई माझ्या लेकीबद्दल म्हणाल्या तेव्हा मी ते आदराने ऐकून घेतलं. लहान मूल असलेल्या घरात वडीलधाऱ्यांचं आदराने ऐकावं आणि मग पदवीधर माणसाला शोभेल असं वागावं, यावरच सुशिक्षित संसार उभा असतो.

शिवाय प्रश्न हेझलनटचा, म्हणजे बोराएवढ्या टणक विलायती दाण्याचा होता. हे फळ निसर्गाने बहुधा मातांच्या सुप्त गुणांना वाव मिळावा म्हणूनच निर्माण केलं असावं. आमच्या इमारतीतल्या माता मंडळाच्या अध्यक्षांनी (व्यवसायाने दंतवैद्य, स्वभावाने अध्यक्षा) ठराव केला की प्रत्येक घराने हेझलनटची एक खाद्य आणि एक अखाद्य वस्तू करावी. तीन आठवड्यांत इमारतीत हेझलनटचा केक, हेझलनटची बिस्किटं, हेझलनटचं सूप (एकदाच), मेणबत्तीची बैठक, कोटाची बटणं आणि कुणालाही नको असलेलं एक घुबड तयार झालं. खाद्य कुठलं आणि अखाद्य कुठलं हे मात्र बघून कळत नसे. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाबांनी फोटोच्या चौकटीचा एक कोपरा खाल्ला. चवीबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

मी आरशाची गोल चौकट केली. हेझलनट चौऱ्याण्णव. लेक एक वर्ष दहा महिन्यांची, तेव्हा सुरक्षिततेत हयगय नाही: सकाळी, दुपारी, संध्याकाळी मोजणी, आणि प्रत्येक दाणा चिमट्याने ओढून पाहणे. तिचा ताप, झोप आणि शी मी जन्मापासून वहीत लिहीत आलेय, त्यात एक रकाना वाढला. एवढं मोजण्यापेक्षा फेकून का देत नाहीस, असं सासूबाईंनी विचारलं. प्रश्न भाबडा होता. फेकून दिलं तर मोजणार काय?

प्रदर्शन रविवारी दुपारी आमच्याकडे भरलं, कारण आमची बाहेरची खोली मोठी. मध्ये लांब टेबल, त्यावर सतरा वस्तू, भोवती अकरा माता. आमची लेक एरवी पाहुणे आले की घर डोक्यावर घेते. त्या दिवशी ती टेबलाच्या पायाशी फतकल मारून बसली आणि ओठ मिटून सगळ्यांकडे बघत राहिली. कौतुकाला ऊत आला. तळमजल्यावरची म्हणाली, “बाई, किती गुणी ही! खायला काय देतेस गं हिला?” मी विनयाने फळं म्हणून सांगितलं. कुणीतरी तिच्यापुढे बिस्कीट धरलं, तिने मान फिरवली. हिला गोडाची आवड नाही, असं मी तिथल्या तिथे जाहीर केलं. अध्यक्षांनी तिला ‘शिस्तप्रिय बालक’ हे बक्षीस दिलं (निकष : शांतता). तेवढ्यात मी चौकट दोनदा मोजून घेतली. चौऱ्याण्णव. बावीस महिन्यांत पहिल्यांदाच मला निर्धास्त वाटत होतं.

सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

“ही बोलत का नाहीये?”

अध्यक्षांचं भाषण चालू होतं. सासूबाईंनी ट्रे सरळ घुबडावर ठेवला, पोरीला मांडीवर ओणवं घेतलं आणि तिचे गाल दोन बोटांनी दाबले. त्यांच्या तळहातावर एक अख्खा, ओला हेझलनट पडला. त्याला लाल रिबिनीचा तुकडा चिकटलेला होता. पोरीने श्वास घेतला आणि असं भोकाड पसरलं की भाषण थांबलं. मी चौकट तिसऱ्यांदा मोजली: चौऱ्याण्णव, म्हणजे हा पंच्याण्णवावा. वहीत त्याला रकाना नव्हता.

रीतसर चौकशी झाली. लाल रिबीन अध्यक्षांच्या मेणबत्तीच्या बैठकीची, म्हणजे दाणा माझ्या हद्दीतला नव्हता. माझी मोजणी निर्दोष ठरली आणि वहीतही तसंच लिहिलेलं आहे. मंडळाने ठराव केला की यापुढे प्रत्येकीने आपापले हेझलनट वेगळ्या रंगात रंगवावेत, म्हणजे कुठल्या मुलाच्या तोंडात कुणाचा दाणा आहे यावरून वाद होणार नाहीत. लेकीचं बक्षीस परत घेतलं नाही. नियमांत तशी सोय नाही.

सासूबाईंनी घुबडावरचा ट्रे उचलला आणि मला चहा दिला. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही इथपर्यंत एका दमात वाचलंत. मध्ये कुणी पान ओढलं नाही, कुणी मांडीवर चढलं नाही, आतून काही आपटल्याचा आवाज आला नाही. तुम्हाला वाटलं असेल, पोर आज किती शहाण्यासारखं खेळतंय.

उठा, बघून या. आणि नुसतं दारातून बघू नका, तोंड उघडायला लावा.